ग्रंथपालबाईंना विचारा : विंचवाची तीन नावं

वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून मी निवृत्त झाले, पण ‘मॅडम, एक लेख मिळत नाहीये’ हे वाक्य काही निवृत्त झालं नाही. या वेळी चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण विषय आवडीचा निघाला. शोधायचे इंग्रजी शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत. टंकताना अर्थातच रोमनमध्ये टाका. आणि पत्रांत सारखं येणारं ‘पबमेड’ म्हणजे वैद्यकीय लेखांच्या नोंदींचा मोफत ऑनलाइन साठा.

‘मी बालरोग विभागात एमडीच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्याकडे लाल विंचू चावलेली मुलं बरीच येतात, म्हणून सरांनी तोच विषय दिलाय. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) पंधरा दिवसांत द्यायचंय. पबमेडमध्ये विषयाचं शीर्षक टाकलं तर शून्य निकाल, नुसतं ‘स्कॉर्पियन’ टाकलं तर हजारो. सर म्हणतात, गेल्या पाच वर्षांतलंच घे. काय करू?’ (निवासी डॉक्टर, कोकण)

डॉक्टर, पत्रात दिलेलं शीर्षकच तुम्ही टाकलं असेल, तर ते असं : ‘ग्रामीण रुग्णालयात दाखल झालेल्या विंचूदंशाच्या बालरुग्णांचं क्लिनिकल प्रोफाइल आणि आउटकम’, तेही इंग्रजीत, एका दमात. पबमेड त्यातले ‘ऑफ’, ‘इन’ असले शब्द गाळतं आणि उरलेल्या शब्दांच्या मध्ये मनातल्या मनात ‘अँड’ घालतं. ज्या नोंदीत हे सगळेच्या सगळे शब्द असतील तेवढीच दाखव, असा तुमचा हुकूम झाला. तसा लेख जगात एकच असणार, आणि तो तुम्ही अजून लिहिलेला नाही.

नुसतं ‘स्कॉर्पियन’ टाकल्यावर जे हजारो आले, त्यांतले ढीगभर विषातल्या प्रथिनांवरचे आहेत. सोडियम चॅनेल, पोटॅशियम चॅनेल, प्रयोगशाळेतले उंदीर. तुमच्या वॉर्डातल्या घामाघूम झालेल्या पोराशी त्यांचा संबंध नाही.

आता एक कोरा कागद आडवा धरा आणि मध्ये एक रेघ मारा. डावीकडे विंचू, उजवीकडे उपचार. मुलं, ग्रामीण, कोकण हे शब्द सध्या खिशात ठेवा. ज्यानं लेख लिहिला त्यानं ‘कोकण’ लिहिलंच असेल कशावरून? ‘महाड’ लिहिलं असेल, ‘वेस्टर्न इंडिया’ लिहिलं असेल, नाहीतर काहीच नाही. ते तुम्ही निकाल वाचताना डोळ्यांनी चाळायचं.

डाव्या बाजूला काय लिहाल? ‘स्कॉर्पियन स्टिंग’, ठीक. ‘एन्व्हेनोमेशन’ही लिहा आणि ‘एन्व्हेनमिंग’ही, दोन्ही चालतात, लेखकाच्या मर्जीवर. आणि मग आपल्या लाल विंचवाचं शास्त्रीय नाव. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. याचं तर नावसुद्धा बिऱ्हाड बदलत आलंय. जुन्या लेखांत तो ‘ब्यूथस टॅम्युलस’ आहे, मग ‘मेसोब्यूथस टॅम्युलस’ झाला, आणि आता बरेच जण त्याला ‘होटेनटोटा टॅम्युलस’ म्हणतात. विंचू तोच, दगडाखाली तिथेच. तुम्ही एकच नाव धरलंत तर मधल्या किंवा आधीच्या दशकातलं सगळं हातचं जाईल. तिन्ही लिहा, मध्ये ‘ऑर’ घाला.

उजवीकडे ‘प्राझोसिन’ हे औषध. आणि विषावरचा उतारा, म्हणजे ‘अँटिव्हेनम’, ‘अँटिव्हेनिन’, ‘अँटिव्हेनीन’, तिन्ही स्पेलिंगं वापरात आहेत.

‘अँड’ आणि ‘ऑर’ कॅपिटल अक्षरांतच टाका आणि कंस विसरू नका. पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातं. ‘स्कॉर्पियन अँड प्राझोसिन ऑर अँटिव्हेनम’ असं कंसाशिवाय लिहिलंत, तर पहिले दोन शब्द एकत्र शोधून होतात आणि मग जगातलं सगळंच अँटिव्हेनम त्यात ओतलं जातं. नाग, घोणस, फुरसं, सगळे येऊन बसतात. प्राझोसिन आणि अँटिव्हेनम एका कंसात ठेवा, विंचवाची सगळी नावं दुसऱ्या कंसात, आणि मध्ये एकच ‘अँड’.

आता मेश. ‘मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज’चं हे लाडकं नाव, १९६० पासूनची विषयशीर्षकांची यादी, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं बेथेस्डा इथे सांभाळलेली. मी ती शिकले इंडेक्स मेडिकसच्या, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या छापील सूचीच्या, विटेएवढ्या जाड खंडांत बोट फिरवून. (ते १८७९ साली सुरू झालं आणि २००४ च्या डिसेंबरात छापील अंक बंद झाले. आमच्या ग्रंथालयात नंतर त्या खंडांचा उपयोग पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून होई.) मेशचा फायदा असा की लेखकानं काहीही शब्द वापरलेला असो, नोंदीवर ठरलेलं एकच शीर्षक चिकटवलेलं असतं. विंचूदंशासाठी ‘स्कॉर्पियन स्टिंग्ज’ आहे, विषासाठी ‘स्कॉर्पियन व्हेनम्स’, आणि दोघांच्या आसपास ‘बाइट्स अँड स्टिंग्ज’. ही शीर्षकं पूर्वी माणसं लेख वाचून लावत. २०२२ पासून ते काम यंत्राकडे गेलंय.

जुन्या लेखांसाठी मेश फारच कामाचं, कारण पबमेडमधल्या १९७५ पूर्वीच्या नोंदींना बहुधा गोषवारा नसतोच. पत्रं आणि टिपणांना नंतरही नसतो. नुसतं शीर्षक हाताशी, आणि तुमचा शब्द त्यात नसला तर संपलं. याउलट ताज्या लेखांवर अजून शीर्षक चिकटलेलं नसू शकतं, म्हणून साधे शब्दही हवेत. दोन्ही शोध ‘ऑर’नं जोडा.

तुम्ही साधे शब्द टाकता तेव्हा पबमेड आपणहून त्यांचं मेश शोधून जोडतं. मात्र शब्द दुहेरी अवतरणांत घातला किंवा शेवटी तारा लावला की ही मेहेरबानी बंद. तुमच्या शोधाचं त्यानं नेमकं काय केलं हे बघायचं असेल, तर ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जा, खाली ‘हिस्टरी’ दिसेल, तिथे ‘डिटेल्स’खालचा बाण दाबा. मी ३१ वर्षांत शेकडो निवासी डॉक्टर बघितले. तो बाण आपणहून दाबलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आता सरांच्या पाच वर्षांबद्दल. सरांचा मान राखून सांगते, या विषयाला हे चालणार नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशात हृदयावर होणाऱ्या परिणामाच्या पहिल्या खुणा ‘लॅन्सेट’मध्ये १९८२ साली मांडल्या. रक्तदाबासाठीचं प्राझोसिन यात कसं उपयोगी पडतं हे त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी १९८६ साली तिथेच लिहिलं. प्राझोसिन एकटं की अँटिव्हेनमसोबत, ही ७० रुग्णांवरची चाचणी ‘बीएमजे’मध्ये आली २०११ साली. पाच वर्षांची चाळणी लावलीत तर हे तिन्ही गळतील आणि तुमच्या हातात राहतील ते लेख, ज्यांच्या संदर्भयादीत हे तिन्ही आहेत. मजा बघा, १९८६च्या लेखाच्या शीर्षकात नुसतं ‘स्कॉर्पियन स्टिंग’ आहे, २०११च्या शीर्षकात ‘मेसोब्यूथस टॅम्युलस’ही आहे. नावाचा खेळ म्हणते तो हा.

२०११चा लेख उघडा आणि पानावर ‘सिमिलर आर्टिकल्स’ व ‘सायटेड बाय’ बघा. एक चांगला लेख सापडला की पुढचे दहा तोच आणून देतो. सरांना दाखवायला ताजे लेखही तिथेच मिळतील, म्हणजे त्यांचंही मन राहील.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे, पण करा. वहीत तारीख, कुठे शोधलं, अख्खी शोधओळ जशीच्या तशी आणि किती निकाल आले, हे लिहून ठेवा. माझ्याकडे ही वही का आली ते सांगते. सीडी-रॉमवर मेडलाइन (पबमेडच्या पोटातली लेखसूची) यायचं तेव्हाची गोष्ट. एका निवासी डॉक्टरला मी रक्तक्षयावरची यादी काढून दिली. ‘ॲनिमिया’ टाकलं ते शाळेत शिकले तसं ब्रिटिश स्पेलिंगनं, मधल्या जादा ‘ए’सकट. ती सीडी शब्द जसा टाकाल तसाच शोधायची. अमेरिकन नियतकालिकांतले बहुतेक लेख गळाले. कळलं ते चार महिन्यांनी, आणि मी नेमकं काय टाकलं होतं हे मलाच आठवेना. त्या मुलानं काही बोलून दाखवलं नाही, चहासुद्धा पाजला. दुसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही आणली. आता पबमेड दोन्ही स्पेलिंगं बऱ्यापैकी ओळखतं, पण वही सुटली नाही.

‘एमएस्सी नर्सिंग करतेय, खासगी कॉलेज आहे. आशाताईंनी घरी जाऊन नवजात बाळ तपासण्यावर माझा विषय आहे. लेख सापडतात, पण उघडायला गेलं की तीस-चाळीस डॉलर मागतात. मैत्रीण म्हणते ‘फ्री फुल टेक्स्ट’वर टिक कर, म्हणजे कटकटच नको.’ (विद्यार्थिनी, विदर्भ)

ताई, ती टिक आधी काढा. ती लावली की पैसे मागणारे लेख दिसेनासे होतात; ते होते हेही तुम्हाला कळत नाही. आधी सगळं बघायचं, काय हवं ते ठरवायचं, मग कसं मिळवायचं ते बघायचं. भाजी फुकट मिळते म्हणून आपण रोज कढीपत्ताच आणतो का?

मिळवायचे रस्ते आहेत. पबमेडच्या नोंदीवर ‘पीएमसी’ असं लिहिलेलं असेल तर पूर्ण लेख तिथेच मोफत आहे. पबमेड सेंट्रल २००० सालापासून याच कामाला बसलंय. आपल्याकडचं ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ मोफत आहे. कोक्रेन या संस्थेची परीक्षणं (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारे लेख) प्रकाशित झाल्यावर १२ महिन्यांनी सहसा पबमेड सेंट्रलवर खुली होतात, आणि त्यांचे सोप्या भाषेतले सारांश पहिल्या दिवसापासून सगळ्यांना.

‘वन नेशन वन सब्स्क्रिप्शन’ १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालं. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं त्यात आहेत, पण ती योजना सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्थांसाठी. खासगी कॉलेजला पहिल्या टप्प्यात जागा नाही. तुमच्यासारख्या मुलींचं यात काय चुकलं, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

राहिला सगळ्यात जुना रस्ता : लेखकाला पत्र. पूर्वी आम्ही छापील कार्ड पाठवायचो, तिकडून टपालानं रिप्रिंट यायचं, त्यावरची परदेशी तिकिटं शिपाईमामा त्यांच्या मुलाला नेत. आता नोंदीवर लेखकाच्या नावाखाली ई-मेल सापडतो. चार ओळी लिहा : मी कोण, कुठे शिकते, कोणता लेख हवा, आभार. बहुतेक जण पाठवतात. आपला लेख कोणीतरी वाचतंय याचाच त्यांना आनंद असतो. आठवडाभर उत्तर आलं नाही तर दुसऱ्या लेखकाला लिहा, पहिला बहुधा परिषदेला गेलेला असतो.

तुमच्या विषयाचं मूळ तुमच्याच विदर्भात आहे, हे ठाऊक असेलच. गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेचा घरोघरच्या नवजात बाळसेवेवरचा क्षेत्रीय प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली आला. तो मिळाला नाही, तर त्याच चमूनं २००५ साली ‘जर्नल ऑफ पेरिनॅटॉलॉजी’च्या पुरवणीत एक अख्खी लेखमाला लिहिली आहे, कितीतरी जास्त तपशिलानं. एक दार बंद असलं की त्याच लेखकांचं दुसरं दार ठोठवायचं.

शब्दांबद्दल दोन इशारे. तिथे ‘न्यूबॉर्न’ही लिहितात आणि ‘निओनेटल’ही, दोन्ही घ्या. आणि ‘आशा’ हे नुसतं चार अक्षरांत टाकू नका. अमेरिकेत वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेचं संक्षिप्त नावही तेच आहे. बाळाच्या वजनाऐवजी तोतरेपणावरचे लेख वाचत बसाल. ‘ॲक्रेडिटेड सोशल हेल्थ ॲक्टिव्हिस्ट’ पूर्ण टाका, सोबत ‘कम्युनिटी हेल्थ वर्कर’.

आपल्याकडची बरीच नर्सिंगची नियतकालिकं पबमेडमध्ये नाहीतच. नर्सिंगच्या लेखांचा ‘सिनॅल’ हा साठा चांगला, पण विकतचा. जागतिक आरोग्य संघटनेचं ‘ग्लोबल इंडेक्स मेडिकस’ मोफत आहे, त्यात आग्नेय आशियाचा वेगळा विभाग आहे. पीएचडीच्या प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ बघा. त्यांच्या दुसऱ्या प्रकरणातल्या संदर्भयाद्या म्हणजे आयतं घबाड. मात्र याद्या घ्या, वाक्यं नकोत.

‘आमच्या सोसायटीत फिरायला जाणारी मंडळी रोज सकाळी गुळवेलाचा काढा घेतात. कोणी म्हणतं अमृत आहे, कोणी म्हणतं लिव्हर जातं. मी निवृत्त बँक कर्मचारी. मला स्वतःला शोधून बघता येईल का?’ (वाचक, पुणे)

काका, का नाही? पबमेडला पासवर्ड लागत नाही, फीही नाही. फक्त ‘गुळवेल’ टाकून काही मिळायचं नाही. हिंदीत ती गिलोय, संस्कृतात गुडूची आणि अमृता, आणि लॅटिनमध्ये ‘टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया’. शोधायचं ‘टिनोस्पोरा’, कारण मेशचं शीर्षकही तेच आहे, आणि ‘ऑर’ लावून ‘गिलोय’, ‘गुडूची’. त्याला ‘अँड’नं ‘लिव्हर’ जोडा.

आधी फायद्याचे लेख दिसतील आणि त्यांतले बरेच उंदरांवरचे असतील. डावीकडे ‘ह्यूमन्स’ची चाळणी आहे, ती तुम्ही खुशाल लावा.

मग दोन लेख बघा. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांचा अनुभव २०२१ साली ‘जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्स्पेरिमेंटल हेपॅटॉलॉजी’त मांडला. त्याच्या शीर्षकात गुळवेलाचं नावच नाही. ‘हर्बल इम्यून बूस्टर’ असं म्हटलंय. नुसती शीर्षकं चाळणाऱ्याच्या हातून हा हमखास निसटतो. नंतर देशभरातल्या केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध केला, त्यात मात्र नाव ठळक आहे. आयुष मंत्रालयानं पहिल्या लेखावर हरकत घेतली होती : रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी गुळवेलच होती हे तपासलं का, की तिच्यासारखी दिसणारी ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’? म्हणून ‘क्रिस्पा’ही शोधात टाका आणि दोन्ही बाजूंचं वाचा.

सहा किंवा त्रेचाळीस रुग्णांच्या हकिगती वाचून शंभरातल्या किती जणांना त्रास होतो हे कळत नाही. असा त्रास होऊ शकतो, एवढंच कळतं. तुमच्या मंडळींपैकी कोणाला आधीच यकृताचा किंवा थायरॉइडचा आजार असेल, कोणी इतर गोळ्या घेत असेल, तर ते दोन लेख छापून घ्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. फिरायच्या बाकावर वाद घालू नका. तिथे जो मोठ्यानं बोलतो त्याचाच काढा.

‘चॅटबॉटला दहा रेफरन्स मागितले, त्यानं व्हॅन्कूव्हर पद्धतीत नीट मांडून दिले. दोन कुठेच सापडत नाहीत. गाइडना सबमिट केलंय. आता?’ (नाव-गाव नको)

आता आजच गाइडना फोन करा. त्यांनी शोधायच्या आधी तुम्ही सांगितलेलं बरं.

मग दहाच्या दहा तपासा, सापडलेले आठसुद्धा. प्रत्येकाचं शीर्षक पबमेडमध्ये टाका, डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) डीओआयच्या संकेतस्थळावर टाका. नोंद उघडली की लेखक, नियतकालिक, साल, पानं जुळतात का ते बघा. यंत्राची खोड अशी की नियतकालिक खरं, लेखक खरा, साल शक्यतेतलं, आणि लेख मात्र कोणी कधी लिहिलेलाच नाही. रेल्वेचं आरक्षण, गाडी खरी, डबा खरा, आणि त्या डब्यात तुमचा बर्थच नाही.

लेख खरा निघाला तरी मागे घेतलेला नाही ना, तेही बघा. पबमेडवर तशी सूचना लेखाच्या डोक्यावरच असते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा ‘लॅन्सेट’चा लेख २२ मे २०२० ला आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. दोन आठवडेही टिकला नाही, पण तेवढ्यात कितीजणांनी तो आपल्या यादीत घातला. आणि उरलेल्या आठांचा निदान गोषवारा वाचा. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक यादीवर बोट ठेवून विचारतात, ‘सात नंबरमध्ये काय केलंय?’ तेव्हा चॅटबॉट बाहेर बॅगेत असतो.